गर्भारपणातला रक्तदाब आणि ‘ड’ जीवनसत्त्व

सातव्या महिन्याच्या तपासणीत वहिनीचा रक्तदाब १५०/९५ निघाला आणि लघवीत बुडवलेल्या पट्टीवरचा पिवळा चौकोन पाहता पाहता हिरवट झाला, म्हणजे प्रथिने जात होती. प्रीएक्लॅम्प्सियाचे, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाण्याच्या आजाराचे, निदान झाल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, “‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या चुकवल्या, म्हणून हे झाले का?”

तसे ठामपणे म्हणता येत नाही. या आजारात ‘ड’ची पातळी अनेकदा कमी आढळते हे खरे; पण स्थूलपणामुळे ही पातळीही घटते आणि आजाराचा धोकाही वाढतो, त्यामुळे कमतरता हे कारण की नुसती सोबत, हे निरीक्षणातून उलगडत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत रोज ४,४०० आणि ४०० युनिट घेणाऱ्या गर्भवतींमध्ये या आजाराच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही सरसकट सर्व गर्भवतींना ‘ड’ची शिफारस करत नाही, कमतरतेची शंका असल्यास रोज २०० युनिट सुचवते. (वहिनीला हे ऐकून हायसे वाटले.)

प्रतिबंधाचा भक्कम पुरावा आहे तो जोखीम जास्त असलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर, शक्यतो १६व्या आठवड्यापूर्वी, सुरू केलेल्या कमी मात्रेच्या ॲस्पिरिनचा आणि आहारात कॅल्शियम कमी असल्यास त्याच्या पूरक गोळ्यांचा.