‘शेमफेस्ड’ला चेहरा नव्हताच

दिवाळी अंकासाठी इंग्रजी जोडविशेषणांवर चार पानं लिहायची होती. सुरुवातीला सोपा शब्द घेतला, ‘शेमफेस्ड’, म्हणजे ओशाळलेला. शेम म्हणजे लाज, फेस म्हणजे तोंड. आपल्याकडेही लाज वाटली की माणूस तोंड लपवतो. दहा मिनिटांत परिच्छेद हातावेगळा केला. वर ‘शेम’ आणि आपली ‘शरम’ सख्ख्या बहिणी असाव्यात, असंही ठोकून दिलं.

पाठवण्याआधी सवयीनं व्युत्पत्तिकोश उघडला, तर त्या शब्दात ‘फेस’ मुळात नव्हताच! जुना शब्द ‘शेमफास्ट’. प्राचीन इंग्रजीत ‘शामफॅस्त’ असा काहीसा उच्चार. मग काय, पटकन लाजणारा? तेही जमेना. त्यात अख्खी दुपार गेली.

उत्तर आमच्या घरातच होतं. साडी घेताना आई दुकानदाराला हमखास विचारायची, “रंग फास्ट आहे ना?” तोच हा फास्ट. वेगाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. मूळ अर्थ घट्ट, पक्का. जर्मनमध्ये ‘फेस्ट’ म्हणजे आजही तेच. शेमफास्ट म्हणजे ज्याच्या अंगी लाज पक्की मुरली आहे असा, मर्यादशील. चक्क कौतुकाचा शब्द! 1611च्या इंग्रजी बायबलात, तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, स्त्रियांनी कसं राहावं ते सांगताना ‘शेमफास्टनेस’ आहे. नंतरच्या छपायांमध्ये तिथेच ‘शेमफेस्डनेस’ झालं.

लोकांना ‘फास्ट’चा जुना अर्थ लागेनासा झाला, आणि लाज तर चेहऱ्यावर दिसते, म्हणून सोळाव्या शतकात त्यांनी ‘फेस’ ऐकायला सुरुवात केली. म्हणजे माझी चूक साडेचारशे वर्षं जुनी! (जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.)

त्याच घडणीचा ‘स्टेडफास्ट’ मात्र शाबूत राहिला. इंग्लंडमधल्या माल्डनच्या 991च्या लढाईवरच्या प्राचीन इंग्रजी काव्यात योद्धे ‘स्टेडफास्ट’ उभे आहेत, आपल्या जागी घट्ट.

परिच्छेद नव्यानं लिहिला. शरमेचं वाक्य खोडलं. ती फारसीतून आलेली, शेमशी तिचं रक्ताचं नातं नाही. पण ‘स्टेड’ म्हणजे जागा, आणि तो आपल्या ‘स्थिती’चा खराखुरा चुलतभाऊ निघाला. शरमेच्या रिकाम्या जागी त्यालाच बसवला.