मधून मोडलेला कीबोर्ड

दुपारी भाचा आला होता. कसलासा फॉर्म भरायचा म्हणून माझ्या टेबलाशी बसला आणि तिथूनच ओरडला, "मामा, तुमचा कीबोर्ड मधून मोडलाय की हो!"

मोडलेला नाही, तो असाच असतो. डावी फाक वेगळी, उजवी वेगळी, मधली बाजू उंच आणि दोन्ही कडांना उतार. मायक्रोसॉफ्टने १९९४ साली 'नॅचरल' नावाचा असा कीबोर्ड काढला होता, म्हणजे प्रकार काही कालचा नाही. तरी सोलापुरात माझ्या घरी येणारा माणूस आधी त्याची विचारपूस करतो, मग माझी.

"तू तिकडचा लॅपटॉप घे," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच असावा. माझा हा खडूसपणा घरात सगळ्यांना पाठ आहे. गाडी न्या, चार्जर न्या, चपला घालून जा. कीबोर्डला हात लावायचा नाही.

हे कुठून आलं ते मला चांगलं ठाऊक आहे. लहानपणी आम्ही पूर्व भागात भाड्याने राहायचो. शेजारच्या अक्का बिड्या वळायच्या. उंबऱ्याशी भिंतीला पाठ, मांडीवर सूप, सुपात ओल्या फडक्यातली तेंदूची पानं. पत्र्याचा छोटा फर्मा पानावर धरायचा आणि कातर त्याच्या कडेकडेने फिरवायची. चिमूटभर तंबाखू, एक वळण, दोरा, की तोंड आत दुमडून बिडी सुपात. अक्का हाताकडे बघायच्याच नाहीत. बघायच्या माझ्या आईकडे, आणि अर्धं तेलुगू अर्धं मराठी असं काहीतरी सांगत राहायच्या, त्यातलं मला सगळं कळायचं. कातरीच्या कड्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. अंगठ्याच्या कड्याला जाड, दुसऱ्याला पातळ. चिंध्या घामाने काळ्या, तुळतुळीत झालेल्या.

एकदा थोरल्या भावाने पतंगाचा कागद कापायला ती कातर उचलली. आम्हाला रोज काही ना काही खायला घालणाऱ्या अक्का अशा किंचाळल्या, "अक्कड पेट्टु रा!" (तिथे ठेव रे!), की दादाने कातर ठेवली आणि पतंगही तिथेच टाकून पळाला. कागदाने धार जाते, असं आईने नंतर समजावलं. धारेपेक्षा त्या चिंध्यांचंच असावं. मजुरी हजार बिड्यांमागे. सकाळी कारखान्यात माल तपासताना छाट निघाली की तेवढी बिडी गेली. एका कातरीला बसलेला हात दुसरीवर अडखळला तर हजार पुरे व्हायला दिवेलागण व्हायची. अक्कांची मान दुखते का, हे मात्र कारखान्यात कुणी विचारल्याचं ऐकलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

माझं मनगट दुखलं तेव्हा मात्र मी लगेच डॉक्टरांकडे गेलो. अनुवाद आणि मुद्रितशोधनावर पोट आहे, हात गेला तर काय उरलं? दुखण्याचं वर्णन करत नाही. रात्री हात झटकत उठणाऱ्यांना ते माहीत आहे. डॉक्टरांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, "करंगळीला मुंग्या येत नाहीत ना?" करंगळीची नस वेगळी, अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं दुसऱ्या नसेकडे. कीबोर्ड बदलून आजार जात नाही, मधून मधून उठा आणि मनगट सरळ ठेवा, असंही त्यांनी सांगितलं. आता नेहमीच्या कीबोर्डवर दोन्ही हात जवळ आणा बरं. मनगटं करंगळीकडे वळतातच. त्यात आपण सगळे कीबोर्डचे मागचे दोन पाय हौसेने उघडतो, त्याने पंजा आणखी वर मुडपतो. ते पाय मिटून बघा, फुकटचा आराम आहे.

फाकांचा कीबोर्ड शोधायला बाजारात हिंडलो. एक दुकानदार अगदी मनापासून म्हणाला, "मालक, असला माल आपल्याकडं चालत नाही. साधा घ्या, खराब झाला की फेका." दुसऱ्याने टीव्हीएस गोल्ड पुढे केला. त्याचा मला आदर आहे. मार्केट यार्डात कांद्याच्या हिशोबाच्या पट्ट्या करणाऱ्या मुनिमांपुढे तोच असतो, आकड्यांची बटणं झिजून गुळगुळीत झालेला, आणि तरी खटखट चालू. पण माझं दुखणं आवाजाचं नव्हतं. शेवटी ऑनलाइन मागवला.

पहिले काही दिवस हाल झाले. मी इनस्क्रिप्टवर टाइप करतो, १९८६ साली सरकारने ठरवलेल्या मांडणीवर. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. फाका झाल्या आणि भावकीची वाटणी झाल्यासारखं झालं: क एका घरात, त्याचा काना दुसऱ्या घरात. म, न आणि व मात्र मात्रांच्याच बाजूला राहिले. माझं उजवं बोट जन्मभर 'व'वर परस्पर हात मारून येणारं, ते आता मधल्या पोकळीत पडायला लागलं. 'आणि'ऐवजी 'व' लिहायची खोड त्यानेच सुटली. संपादक खूश झाले.

बटणांच्या ओळी एकीखाली एक सरळ का नसतात, हे कधी मनात आलंय? शोल्सने अमेरिकेत १८६८ साली टाइपरायटरचं पेटंट घेतलं, त्या यंत्रांच्या घराण्याची ही देणगी. प्रत्येक बटणाखाली एक दांडी. दांड्या एकमेकींना लागू नयेत म्हणून बटणं थोडी थोडी सरकवलेली. दहावीच्या सुट्टीत टायपिंग क्लासातल्या गोदरेजच्या यंत्रात वाकून मी त्या दांड्या बघत बसायचो, सर हातावर फूटपट्टी मारेपर्यंत. दांड्या गेल्या, तिरकेपणा राहिला. माझ्या एवढ्या सुधारलेल्या कीबोर्डवरही तो आहेच.

आता बटणांवरची बरीचशी अक्षरं पुसली गेली आहेत, हे उत्तमच. परक्याला काही टाइप करता येत नाही. उन्हाळ्यात धूळ फार, म्हणून रात्री वर जुना पंचा टाकतो. चहा लांब ठेवतो. हे सगळं जमतं. मध्यंतरी कळलं की हे मॉडेल आता निघणार नाही, तेव्हा घाबरून आणखी एक मागवून ठेवला. तो कपाटात खोक्यात आहे. मध्ये एकदा काढून लावूनही पाहिला. तीच कंपनी, तेच मॉडेल. पण बटणं आखडलेली, बोटांना ओळख देईनात. परत खोक्यात घातला.

"मग पोरीला दे की तो," बायको म्हणाली. "दोन दोन ठेवून काय करणारेस?"

उत्तर होतं माझ्याकडे, जरा लांबलचक होतं. पण आज पाण्याचा दिवस, आणि नळाला पाणी आलं होतं.