ताऱ्याभोवती चौकटी

पहिल्या शनिवारी कॉलवर सगळ्यांच्या हातात एवढंच होतं: कापडाचे तुकडे जोडून शिवलेला १२ इंचांचा एक तारा. कुणाचा निळा, कुणाचा मातकट, माझा गडद जांभळा. त्याच्याभोवती पुढं काय येणार, हे मापं देणाऱ्या बाई सोडल्या तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

क्विल्ट-अलाँग म्हणतात याला. एकमेकींना कधीही न भेटलेल्या बायका (आमच्यात दोन पुरुषही आहेत) आपापल्या घरी बसून एकाच मापानं क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून केलेली गोधडी, शिवतात आणि आठवड्यातून एकदा पडद्यावर भेटतात. आमची क्विल्ट मधून बाहेर वाढणारी आहे. आधी मधला चौकोन, त्याला एक चौकट, त्या चौकटीला दुसरी. अशा रचनेला मेडॅलियन म्हणतात. दर पंधरा दिवसांनी एका चौकटीची मापं हाती येतात.

घरापासून लांब इथं आले तेव्हा हिवाळ्यातले शनिवार मला खायला उठायचे. दुपारी चारलाच अंधार, आणि कामावरची माणसं सोमवारपर्यंत दिसायची नाहीत. आता शनिवार पुरत नाही.

शिवणयंत्र मला नवं नव्हतं. पण अंगावरचे कपडे शिवताना सूतभर इकडंतिकडं झालं तरी निभतं, पुढं आवळता येतं, सैल करता येतं. क्विल्टमध्ये शिवण दोन सूत म्हणजे दोनच सूत. पाव इंच. हे मला दुसऱ्या चौकटीनं शिकवलं.

पहिली चौकट २ इंचांची साधी पट्टी होती, ती लागल्यावर चौकोन १६ इंचांचा झाला. दुसरीत आले त्रिकोण. दोन रंगांचे चौकोन समोरासमोर ठेवायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीनं रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप घालायची आणि रेघेवर कापायचं. एका जोडीतून अर्धा जांभळा, अर्धा पांढरा असे दोन चौकोन निघतात. मला ३६ हवे होते, म्हणजे १८ जोड्या. कापून अडीच इंचांचे केलेले ते चौकोन टेबलावर मांडले तेव्हा मी उगीचच त्यांच्याभोवती दोनदा फिरून आले, इतके देखणे दिसत होते.

मग आठ-आठ जोडून चार पट्ट्या केल्या, उरलेले चार कोपऱ्यांसाठी ठेवले. पट्टी साडेसोळा इंच भरायला हवी होती. भरली पावणेसोळाला सूतभर कमी. चारही पट्ट्या तशाच. मी ती ताणून, टाचण्या लावून मधल्या चौकोनाला जोडलीसुद्धा. यंत्राखालून काढली तर मधला भाग वाटीसारखा फुगून वर आलेला. इस्त्रीनं बसेल म्हणून वाफ दिली. बसला नाही.

शनिवारी कॅमेऱ्यासमोर ते तसंच धरलं. गटात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आहेत. इथं सगळे त्यांना नावानंच हाक मारतात, मीही मारते, पण मनात मात्र ‘त्या’च असतात. त्यांनी माझ्या क्विल्टबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, दीड-दीड इंचाच्या तीन पट्ट्या काप, शेजारी शेजारी जोड, दाबून इस्त्री कर आणि फक्त मधली मोज. मधली बरोबर एक इंच भरायला हवी. माझी सूतभर कमी भरली. म्हणजे माझी प्रत्येक शिवण अर्धा सूत खोल जात होती, दोन्ही बाजूंचं मिळून एक सूत खात होती. पट्टीत सात शिवणी, म्हणून सात सूत गायब! सगळा हिशोब माझ्याच यंत्राच्या पायाखाली होता. शिवाय कापडाची घडी वळतानाही धागाभर जागा घेते, म्हणून टीप कडेपासून पाव इंचाहून किंचित कमीवर घालायची असते, हे तेव्हा कळलं. मी यंत्राच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टीची कड लावली आणि जोडलेल्या पट्ट्यांच्या २८ शिवणी उसवायला बसले. बाकीच्या बोलत होत्या, मी उसवत होते. नंतर पाहिलं तर आणखी दोघी उसवतच बसल्या होत्या.

तिसऱ्या चौकटीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उडत्या हंसांसारखे त्रिकोण, २० नग, बाजूला पाच-पाच, सुरळीत पार पडले. चौकोन २४ इंचांचा झाला.

चौथी मला सगळ्यात आवडली. तिच्यात ५ इंचांचे चौकोन लावायचे होते, आणि २४ला ५नं भाग जात नाही. मापं देणाऱ्या बाईंनी उत्तर दिलं ते असं: आधी चारही बाजूंनी अर्ध्या इंचाची बारीक पट्टी लावा. २४चे २५ झाले, बाजूला पाच चौकोन नीट बसले, कोपऱ्यांत चार. ही पट्टी मी हळदी पिवळ्या रंगाची घेतली. जांभळ्या-पांढऱ्याच्या गर्दीत ती दिवा लावल्यासारखी दिसते. घरी येणारा प्रत्येक जण आधी त्या पट्टीवर बोट ठेवतो.

त्याच आठवड्यात कॉलवर राजा क्विल्टचा फोटो दाखवला गेला. ‘राजा’ हे जहाजाचं नाव. १८४१ साली त्यातून शिक्षा झालेल्या बायकांना इंग्लंडहून टास्मानियाला पाठवलं. तुरुंगसुधारणेसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळानं अशा बायकांना सुया, दोरे, अंगुस्तान आणि कापडाचे तुकडे दिले होते. समुद्रावरच्या त्या महिन्यांत त्यांनी २,८१५ तुकड्यांची क्विल्ट शिवली. मध्ये छापील कापडातून कापलेले पक्षी आणि फुलं, भोवती तुकड्यांच्या चौकटी. आज ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. नवशिक्या बोटांना सुया टोचून पडलेले रक्ताचे बारीक डाग तिच्यावर अजून आहेत. फोटो पाहून आम्ही बराच वेळ गप्प होतो. त्यांना परत जायची आशा नव्हती, मला तर विमानाचं तिकीट काढता येतं. तरी घरापासून लांब बसून मधल्या फुलाभोवती एकेक चौकट वाढवत नेणं म्हणजे काय, ते मला थोडं तरी समजतं.

पाचवी चौकट साधी, साडेतीन इंच रुंद. हिच्यासाठीही सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंनी बजावलं होतं: कडेनं मोजू नकोस. कड हाताळून हाताळून सैल झालेली असते. क्विल्टच्या पोटातून, बरोबर मधून टेप धर आणि त्या मापाची पट्टी काप. मी तीन ठिकाणी मोजलं. ३५ अधिक शिवणीचा अर्धा इंच. पट्टी लावली, जमिनीवर पसरली. ४२ इंच, सपाट, एकही लाट नाही.

मागच्या शनिवारी सगळ्यांनी आपापली क्विल्ट कॅमेऱ्यासमोर धरली. मापं तीच, चौकटी त्याच, पण एक दुसरीसारखी नाही. एकीनं पिवळीच्या जागी काळी पट्टी लावली होती आणि तारा विहिरीत पडल्यासारखा खोल दिसत होता. माझी उसवलेली चौकट कुठली, ते त्या बाईंनी ओळखायचा प्रयत्न केला. ओळखता आली नाही.

आता अस्तर, मधला कापसाचा थर आणि वरची क्विल्ट एकावर एक घालून धावदोरा चालू आहे. तो मी हातानंच घालते आहे, ताऱ्यापासून बाहेर. काल रात्री पिवळ्या पट्टीपर्यंत पोहोचले.