हरभऱ्यातली जागल आणि अडकलेला सोर्स

नोव्हेंबरची रात्र, वर्धा जिल्ह्यातलं शिवार, पाइपलाइनच्या जोडांची रेडिओग्राफी, म्हणजे किरणोत्सारी सोर्सच्या गॅमा किरणांनी जोडांचे फोटो काढण्याचं आमचं काम. तिसऱ्या फिल्मनंतर सोर्स कॅमेऱ्यात, म्हणजे त्याच्या किरण अडवणाऱ्या पेटीत, मागे घेताना केबल ओढणाऱ्या क्रँकचं हँडल मध्येच घट्ट झालं आणि किरण मोजणाऱ्या सर्व्हे मीटरचं रीडिंग खाली येईना. पाचर न मारलेल्या ठोकळ्यावरून पाइप घरंगळला होता, सोर्स ज्या नळीतून ये-जा करतो त्या गाइड ट्यूबला चेपून पुढे गेला होता. किरण ठरावीक दिशेलाच जाऊ देणारा कॉलिमेटरही निसटला. इरिडियम-192 ची बोटाच्या पेराहून लहान कॅप्सूल आता उघडी होती.

अशा वेळी जोर लावून हँडल फिरवणं सर्वांत घातक. केबल आणि सोर्सचा जोड तुटला, की सोर्स ओढायला काही उरत नाही. एकदा हलकेच पुढे-मागे करून पाहिलं, मग सगळे मागे सरलो.

आधी हिशेब. सोर्स आला तेव्हा 40 क्युरीचा (क्युरी हे किरणोत्साराचं एकक) होता. इरिडियमचं अर्धायुष्य सुमारे 74 दिवस. अडीच महिने होत आले होते, म्हणून 20 धरला. उघड्या सोर्सपासून 1 मीटरवर ताशी सुमारे 95 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या मात्रेचं एकक). अंतर दसपट वाढलं की मात्रा शंभरपट घटते: 10 मीटरवर 0.95 मिलिसिव्हर्ट, 100 मीटरवर 10 मायक्रोसिव्हर्टच्या (मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग) आत. कॉलिमेटर असताना 40 मीटरवर बांधलेला दोर 100 मीटरवर नेला.

त्या वाढीव हद्दीत, 60 मीटरवरच्या मचाणावर, एक काका जागलीला होते.

"काका, खाली उतरा जी, जरा दूर जावं लागते."

"काऊन? डुकरं येतीन ना हरभऱ्यात!"

डुकरांकडे आमचा माणूस टॉर्च घेऊन लक्ष देईल म्हटल्यावर उतरले. वीसेक मिनिटांत त्यांना 9 मायक्रोसिव्हर्टच्या आसपास मात्रा मिळाली असावी, छातीच्या एका एक्स-रेपेक्षाही कमी. तरी ती विनाकारण मिळाली, हे मनाला लागतं. दोर वाढवण्याआधी मचाणं बघायला हवी होती.

विकिरण सुरक्षा अधिकारी पोचल्यावर काम सुरू झालं. शिशाच्या छऱ्यांची पिशवी 4 मीटरच्या बांबूच्या मधोमध अडकवायची, दोघांनी दोन टोकं धरून ती सोर्सवर टेकवायची आणि बांबू काढून घ्यायचा. आधी वाळूची पिशवी घेऊन दूर तीनदा सराव केला, कारण 2 मीटरवर ताशी 24 मिलिसिव्हर्ट, म्हणजे वीस सेकंदांना 0.13. पहिली पिशवी बसल्यावर पुढच्या सोप्या गेल्या. चेपलेली जागा सोर्सपासून दीड मीटरवर होती. तिथे रीडिंग 42 वरून अर्ध्या मिलिसिव्हर्टवर आलं. पकडीनं चेप उलट दिशेनं दाबून ट्यूब गोल केली. चार मिनिटं लागली. मग लांबून हँडल फिरवलं आणि सोर्स आत आला.

कुलूप बसल्याचा आवाज ऐकून कोणी ट्यूबजवळ जाऊ नये. मीटर हातात धरून ट्यूबच्या टोकापासून कॅमेऱ्यापर्यंत चालत जायचं, कॅमेऱ्याच्या सगळ्या बाजू मोजायच्या. तसं मोजलं. आमच्या डोसीमीटरवर सर्वाधिक 0.25 मिलिसिव्हर्ट भरले. ट्यूब आणि केबल बाजूला काढली, अंगावरचे मात्रा नोंदवणारे बिल्ले तातडीच्या मोजणीला गेले, अणुऊर्जा सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या एईआरबीला कळवलं.

काकांचा प्रश्न राहिला होता: "माया वावरात काही उरलं तर नाही ना?" कॅप्सूल सीलबंद असते, तिच्यातून गॅमा किरण बाहेर पडतात, पदार्थ सांडत नाही. सोर्स आत गेला की किरणही थांबतात, जसा कंदील झाकला की उजेड. माती, हरभरा, त्यांचा डबा, कशालाच काही लागत नाही. नुसतं सांगून भागणार नव्हतं, म्हणून मीटर घेऊन त्यांच्यासोबत बांधाबांधानं फिरलो. रोजच्या पार्श्वभूमीइतकंच रीडिंग होतं. ते परत मचाणावर चढले. आम्ही पाचरा तासायला बसलो.