तुम्ही विचारलंत म्हणून: बीजं संपत नाहीत

“ताई, इतकी इंजेक्शनं घेतल्यावर आपली बीजं लवकर संपत नाहीत ना?”

हा प्रश्न मला कुणी फोनवर दबक्या आवाजात विचारतं, कुणी चार माणसांतून बाजूला घेऊन. मी आयव्हीएफच्या, म्हणजे बीजं बाहेर काढून शरीराबाहेर गर्भ तयार करायच्या उपचाराच्या, दोन फेऱ्या केल्या हे मी कधी लपवलं नाही, म्हणून ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या मुली माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही. पण हीच भीती मनात घेऊन मी पहिल्या फेरीतले अकरा दिवस काढलेत, आणि उत्तर कळल्यावर किती हलकं वाटलं तेही मला आठवतं. म्हणून आधी उत्तर देते: नाही, संपत नाहीत.

आता का ते सांगते. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही बीजकोशांत मिळून साधारण १० ते २० लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात. त्यांतली पाळीच्या चक्रात खरोखर बाहेर पडतात ती सगळ्या आयुष्यात ४००-५००. बाकीची विरून जातात. गोळी घेतली, इंजेक्शन घेतलं, काहीच घेतलं नाही, तरी विरतातच. दर महिन्याला बीजांच्या काही पिशव्या वाढायला तयार होतात. डॉक्टर त्यांना फॉलिकल म्हणतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती एफएसएच नावाचं संप्रेरक सोडते आणि त्याच्या बळावर या पिशव्या वाढू लागतात. थोड्या दिवसांत एक पिशवी पुढे निघते. तिच्यातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक येऊ लागतं, ते वाढलं की मेंदू एफएसएचचा हात आखडता घेतो. पुढे गेलेली पिशवी तेवढ्यावरही तगते. मागे राहिलेल्या सुकतात.

इंजेक्शन इथेच काम करतं. बाहेरून एफएसएच दिल्यामुळे पातळी खाली येत नाही, आणि ज्या पिशव्या त्याच महिन्यात सुकून जायच्या होत्या त्याही वाढत राहतात. पुढच्या महिन्यांच्या साठ्याला कुणी हात लावत नाही. मला हे समजलं त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. इतके दिवस मी रोज रात्री पोटात सुई टोचताना मनात म्हणत होते, आज माझ्या आयुष्यातलं आणखी एक वर्ष गेलं. प्रत्यक्षात जे जाणारच होतं, त्यातलं थोडं मी राखत होते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती कुणी नीट सांगत नाही. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत चारच पिशव्या दिसल्या, तर डोस दुप्पट केला तरी त्यांच्या चौदा होत नाहीत. इंजेक्शन आधीच असलेल्या पिशव्या वाढवतं, नसलेल्या उगवून आणत नाही. तेव्हा कमी बीजं मिळाली की “तू वेळेवर घेतली नसशील”, “तुझं शरीर साथ देत नाही” असलं कुणी बोललं तर ते मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काही चुकलेला नसता.

माझ्या पहिल्या दवाखान्यात मला एक पिशवी मिळाली. तिच्यात तीन प्रकारच्या औषधांची खोकी, सुया, कापूस आणि एक तक्ता. तक्त्यावर तारखा आणि नावं. काय कशासाठी आहे, हे त्यावरही नव्हतं आणि कुणी तोंडानेही सांगितलं नाही. विचारलं तर “लिहिलंय तसं घ्या” एवढंच. वाईट हेतू नव्हता, गर्दी होती. पण स्वतःच्या शरीरात काय जातंय हे माहीत नसताना रोज सुई टोचणं फार एकटं पाडतं. दुसऱ्या ठिकाणच्या सिस्टरांनी टेबलावर सगळी खोकी मांडली आणि म्हणाल्या, “ही वाढवणारी, ही थांबवणारी, ही पिकवणारी. आता बोला, कसली भीती वाटते?” त्यांचे ते तीन शब्द मी पुढे कित्येकींना दिलेत.

वाढवणारी म्हणजे एफएसएच, किंवा एफएसएच आणि एलएच (पिट्युटरीचंच दुसरं संप्रेरक, बीज सोडायला लावणारं) दोन्ही असलेलं एचएमजी हे औषध. ही बहुतेकींना ८ ते १४ दिवस लागतात. एचएमजीमागची गोष्ट मला फार आवडते. पाळी कायमची गेली की बीजकोश मेंदूला उत्तर देत नाहीत, म्हणून मेंदू आणखी जोरात हाका मारतो, आणि ती जास्तीची संप्रेरकं लघवीवाटे बाहेर पडतात. इटलीत पिएरो दोनिनी या शास्त्रज्ञांनी १९४९ च्या सुमाराला अशा लघवीतून हे औषध वेगळं केलं. पुढे डॉ. ब्रूनो लुनेनफेल्ड यांनी ते उपचारात आणायचं ठरवलं तेव्हा प्रश्न आला, वयस्क स्त्रियांची इतकी लघवी आणायची कुठून? ती मिळाली कॉन्व्हेंटमधल्या म्हाताऱ्या नन्सकडून. त्या उपचारातून १९६२ साली पहिलं मूल जन्मलं. ज्यांनी स्वतः कधी मूल होऊ दिलं नाही, अशा बायकांनी दिलेल्या गोष्टीतून. इंजेक्शन घेताना मला त्या कधीकधी आठवत. आता बरीचशी एफएसएच प्रयोगशाळेत पेशींकडून तयार करून घेतात, तरी लघवीतून शुद्ध केलेलं एचएमजी अजूनही वापरात आहे.

आणि सगळ्याच उपचारांत इंजेक्शनं असतात असंही नाही. २५ जुलै १९७८ ला जन्मलेली पहिली टेस्ट ट्यूब बाळ लुईस ब्राउन आईच्या नैसर्गिक चक्रातल्या एकाच बीजातून झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून जे बाळ जन्मलं, त्यासाठी मात्र त्यांनी एचएमजी दिलं होतं, आज सर्रास देतात तसं. त्यांना हयातीत मान मिळाला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

एचएमजीची पावडर असते, ती सोबत दिलेल्या पाण्यात विरघळवून घ्यायची. पाण्याची काचेची बंद कुपी, म्हणजे अँप्यूल, मानेशी धरायची, भोवती कापूस, आणि ठिपक्याच्या बाजूने अंगठा ठेवून मागे मोडायची. मोडताना ‘टक’ असा आवाज येतो. पाणी ओढायचं, पावडरीत सोडायचं. हलवायचं नाही, नुसतं गोल फिरवायचं, नाहीतर फेस येतो. मग बेंबीपासून दोन बोटं लांब, पोटाची चिमूट धरून सुई सरळ आत. रोज जागा बदलायची, आज डावी, उद्या उजवी. छोटासा बुडबुडा राहिला तर काही होत नाही, कातडीखालचं इंजेक्शन आहे ते, शिरेतलं नव्हे. माझ्या नवऱ्याचे हात पहिल्या दिवशी इतके थरथरत होते की मीच त्याच्या हातातून सिरिंज घेतली. चौथ्या दिवसापासून तो न बोलता अँप्यूल मोडून द्यायचा.

थांबवणारी पाचव्या-सहाव्या दिवशी सुरू होतात. पिशव्या वाढल्या की मेंदूला वाटतं बीज सोडायची वेळ झाली, आणि तो एलएचचा एकदम मोठा लोंढा पाठवतो. तो आला तर पिकअपच्या, म्हणजे दवाखान्यात बीजं बाहेर काढण्याच्या, आधीच बीजं फुटून पोटात निघून जातात, सगळी मेहनत वाया. म्हणून तो अडवायचा. या इंजेक्शनाच्या जागी लाल चट्टा उठतो, खाज येते. माझा चट्टा तासाभरात जायचा. खाज अंगभर पसरली किंवा श्वास लागला तर ती वेगळी गोष्ट, लगेच डॉक्टर.

पिकवणारं म्हणजे ट्रिगर. इतर इंजेक्शनांना तासाभराची ढील चालते, याला नाही. पिशव्या १७-१८ मिलिमीटरच्या पुढे गेल्या की ते देतात आणि साधारण ३६ तासांनी बीजं काढतात. लवकर काढली तर ती कच्ची असतात, उशीर झाला तर फुटून गेलेली. मला सोमवारी रात्री साडेदहाला घ्यायचं होतं, पिकअप बुधवारी सकाळी साडेदहाला. दोन फोनवर गजर लावले होते. सव्वादहालाच आम्ही दोघं पलंगावर समोरासमोर बसलो, मध्ये सिरिंज. ती पंधरा मिनिटं आम्ही एक शब्द बोललो नाही. तुमची वेळ चुकली तर कृपा करून लपवू नका, त्याच क्षणी फोन करा. पिकअपची वेळ सरकवता येते, पण त्यांना कळलं तरच.

त्रास होतो का? होतो. पोट फुगतं, छाती दुखते, डोकं जड होतं, उगाच रडू येतं. इस्ट्रोजेन नेहमीच्या कितीतरी पट वाढलेलं असतं. बीजकोश मोठे होऊन जड झालेले असतात, ते पीळ खाऊ नयेत म्हणून उड्या, धावणं, जड उचलणं बंद. पाळी येऊन गेली की त्रास जातो. पण ट्रिगरनंतर पोट ताठ फुगलं, दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला, तर सकाळची वाट बघू नका. बीजकोश अतिउत्तेजित होऊन रक्तवाहिन्यांतलं पाणी पोटात उतरत असतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या फेरीत माझ्या वीसच्या वर पिशव्या दिसल्या. तेव्हा डॉक्टरांनी एचसीजी या संप्रेरकाचा ट्रिगर टाळला, कारण तो शरीरात बरेच दिवस रेंगाळतो. त्याऐवजी माझ्याच पिट्युटरीकडून एलएच सोडवून घेणारं इंजेक्शन दिलं आणि सगळे गर्भ गोठवले. दोन महिने थांबणं मला तेव्हा शिक्षा वाटलं. ते माझ्या जिवाची काळजी घेत होते.

पुरुषांबद्दल एकच सांगते, कारण ते माहीत नसल्याने नुकसान होतं. ताकदीसाठी कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असेल तर त्याने शुक्राणू तयार होणं थांबू शकतं. मूल हवं असेल तर हे डॉक्टरांपासून लपवू नका.

गोठवलेला गर्भ गर्भाशयात सोडण्याआधी प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक, सुरू झालं. तेलातलं, घट्ट, कुल्ल्यात खोलवर. पोटातल्या बारीक सुया याच्यापुढे काहीच नाहीत. बाटली मुठीत धरून कोमट केली की तेल सहज उतरतं, नंतर जागा चोळून शेक द्यायचा. तरी गाठी झाल्याच. मला नैसर्गिक बीज फुटलेलं नव्हतं, म्हणून शरीर स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवत नव्हतं. सगळा भार त्या तेलावर होता, मनाने एक दिवसही बंद करायचं नव्हतं. मुलगी झाल्यावरही कित्येक महिने डाव्या बाजूची एक गाठ हाताला लागत होती.

आणखी एक, पहिल्या फेरीतलं. ट्रिगर घेऊन नऊ दिवस झाले होते. राहवलं नाही, पहाटे गरोदरपण तपासायची पट्टी केली. दुसरी रेष आली, फिकट पण स्पष्ट. नवऱ्याला उठवलं, दोघंही खूप रडलो. दोन दिवसांनी रेष आणखी फिकट, मग पट्टी कोरी. ट्रिगरमधलं एचसीजी हे गरोदरपणात तयार होणारंच संप्रेरक आहे, ते १०-१४ दिवस लघवीत दिसू शकतं. ती रेष इंजेक्शनाची होती. रक्ताच्या तपासणीची तारीख दिलेली असते, तोवर घरी पट्टी आणू नका. आणलीतच, तर तुमचा ट्रिगर कोणता होता ते आधी तक्त्यात बघा.