आयझेनहॉवर बोगद्यापुढचा उतार आणि थरथरणारं स्टिअरिंग

अमेरिकेत डेन्व्हरहून मोआबला मोटरहोम (राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन निघणाऱ्यांसाठी हे लिहितोय. जवळजवळ सगळी वाट इंटरस्टेट 70 या महामार्गाची. रस्ता इतका रुंद आणि गुळगुळीत की आपण घाट उतरतोय हे लक्षातच येत नाही, आणि गोची तिथेच होते. आयझेनहॉवर बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड 11,158 फुटांवर आहे. तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंतच्या आठेक मैलांत गाडी सुमारे 2400 फूट खाली येते. आमची गाडी फोर्ड ई-450 चासीवरची. भरलेली पाण्याची टाकी, सायकली आणि सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या धरून सव्वासहा टनांच्या आसपास. एवढं वजन एवढं खाली आणताना जिरवावी लागणारी ऊर्जा म्हणजे साधारण सव्वा-दीड लिटर पेट्रोल जाळल्यावर निघेल तेवढी. त्यातली थोडी हवेचा अडथळा घेतो, थोडी इंजिन घेतं. उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या माथी.

उताराच्या मध्यावर, वेग 60 वरून 45 मैलांवर आणताना, स्टिअरिंग हातात थरथरू लागलं. ब्रेकवरचा पाय काढला की थरथर बंद, दाबला की पुन्हा सुरू. निदानातला अर्धा भाग इथेच होतो. ब्रेक न लावताही गाडी ठरावीक वेगाला थरथरत असेल तर आधी टायर आणि बॅलन्सिंग बघा. महिनोन्‌महिने एका जागी उभ्या राहिलेल्या मोटरहोमचे टायर खालून चपटे झालेले असतात. फक्त ब्रेक लावल्यावर आणि स्टिअरिंगमध्ये जाणवत असेल तर बहुधा पुढची चाकं. सीटखाली आणि पेडलमध्ये जाणवत असेल तर मागची. हळूहळू हँडब्रेक ओढून मागची चाकं तपासायची युक्ती कारवाले सांगतात, पण मोठ्या मोटरहोममध्ये हँडब्रेक कधी कधी चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर असतो. तिथे त्यातून काही कळत नाही, उलट नुकसान व्हायचं.

सिल्व्हरथॉर्नला गाडी बाजूला घेतली. इन्फ्रारेड थर्मामीटर वीस-तीस डॉलरला मिळतो. मोटरहोमवाल्यांनी तो ठेवावाच. चाकाच्या भोकातून डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, रोखला तर डावीकडे 340 अंश फॅरनहाइट, उजवीकडे 490. म्हणजे उजवा ब्रेक लागूनच राहत होता. (हात लावून बघायच्या भानगडीत पडू नका, आणि तापलेल्या डिस्कवर पाणी तर मुळीच ओतू नका.) शेजारच्या पंपावरच्या गृहस्थांनी न विचारता सल्ला दिला: डिस्क वाकली, बदलून टाका. सगळे हेच म्हणतात. ओतीव लोखंडाची डिस्क सहसा वाकत नाही. तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. जाडीत मिलीमीटरच्या दोन शतांशांचा फरक पडला तरी हाताला कळतो. हा फरक येतो कसा, ते शोधल्याशिवाय नवी डिस्क टाकली तर काही हजार मैलांत तीच थरथर परत येते.

जाडी असमान होण्याची दोन-तीन नेहमीची कारणं. डिस्क आणि हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो मधला भाग) यांच्यामध्ये गंज किंवा कचरा अडकला की डिस्क किंचित तिरकी फिरते आणि पॅडला, म्हणजे डिस्कवर दाबल्या जाणाऱ्या ब्रेकच्या पट्टीला, दर फेरीत एकाच जागी घासते. चाकाचे नट एअर गनने कमी-जास्त आवळले तरी तेच. तिसरं, उतारावरून तापून आल्यावर सिग्नलला ब्रेक गच्च दाबून उभं राहिलं की पॅडचा थर डिस्कवर त्या ठिकाणी चिकटतो. गाडी उभी करायचीच असेल तर सपाट जागी थांबून पार्कमध्ये टाका आणि ब्रेक सोडा.

आम्ही व्हेल पास ओलांडून ग्रँड जंक्शनपर्यंत गेलो, ते टो-हॉल मोड लावून. हे बटण दाबलं की उतारावर गिअरबॉक्स स्वतः खालच्या गिअरमध्ये जातो. इंजिन ओरडतं, ओरडू द्या. आपल्याकडे आंबा घाटात ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. रॉकीजमध्येही नियम तोच. ब्रेक सतत टेकवून ठेवायचा नाही. ठरवलेल्या वेगाच्या वर गेलात की नेटाने दाबून पाचेक मैलांनी वेग खाली आणा आणि सोडा. पेडल मऊ लागायला लागलं तर पुढे जाऊच नका: जुन्या ब्रेक ऑइलने ओलावा शोषलेला असतो, ते तापून उकळलं की पेडल मऊ पडतं. डॉट 3 प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 205 अंश सेल्सियसला उकळतं, पाणी मुरलं की ही मर्यादा 140 पर्यंत घसरते.

साध्या कार गॅरेजच्या लिफ्टवर ही गाडी चढत नाही, त्यामुळे फिरता मेकॅनिक बोलावला. चाक काढल्याबरोबर कारण दिसलं. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली खालची गंजून जाम. आतला पॅड तीन मिलीमीटर उरलेला, बाहेरचा आठ. वर्षातून दहा महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा रोग फार. मेकॅनिकने डिस्कची जाडी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजली, फरक उघड होता. पुढच्या दोन्ही बाजूंना नव्या डिस्क आणि पॅड, नव्या पिना, सिलिकॉन ग्रीस. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम त्याने मग केलं: हबचा चेहरा तारेच्या ब्रशने लख्ख घासला, नवी डिस्क चढवून ती फिरताना किती डोलते ते मोजायला डायल गेज लावला. डिस्कच्या डोलण्याची सर्वसाधारण मर्यादा 0.05 मिलीमीटर, नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरा. मेकॅनिक डायल गेज लावत नसेल तर लावायला सांगा. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणारा पाना). बिल अकराशे डॉलर.

नवे पॅड बसवून लगेच हायवेला लागू नका, आधी ते डिस्कवर नीट बसू द्या. फ्रूटाच्या पुढे जुना हायवे 6 अँड 50 बऱ्यापैकी रिकामा असतो. तिथे 40 वरून 10 मैलांपर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, असं आठ-दहा वेळा केलं. प्रत्येक वेळी मध्ये थोडं धावू दिलं आणि शेवटी ब्रेक न लावता डिस्क थंड होऊ दिल्या. मोटरहोम असेल तर क्रिसेंट जंक्शनवरून यूएस 191 धरा. कोलोरॅडो नदीकाठचा रस्ता 128 देखणा आहे, पण अरुंद आणि वळणावळणाचा. ग्रँड जंक्शनहून मोआब सुमारे 110 मैल. तिथे पोचल्यावर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासले, दोन थोडे फिरले.