आमची वाटचाल : बाल्कनीतून नऱ्ह्याच्या गाळ्यात

धंदा करायचा असा काही प्लॅन नव्हताच. भोसरीत डिझाइनला नोकरी, आणि शनिवार-रविवार बाल्कनीत गिटार बनवायचा नाद, त्यात निम्मा वेळ जायचा सामान शोधण्यात. भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन दोन फूट शिसवी मागितली की आधी वरखाली बघायचे आणि मग विचारायचे, देव्हारा करताय का. बोहरी आळीत पटाशा, कानशी, सी-क्लॅम्प सगळं मिळतं पण फ्रेट वायर (गिटारच्या दांडीवर आडव्या बसतात त्या फ्रेटच्या पट्ट्यांची तार), ट्यूनिंगच्या किल्ल्या बाहेरून मागवायच्या, त्याही घाऊक. उरलेलं सामान मित्रांना विकता विकता वाद्यांच्या लाकडाची आणि किटची फर्म झाली, एवढंच.

आता नऱ्ह्याला छोटा गाळा आहे. मी, बायको (हिशोब तिच्याकडे, म्हणून टिकलोय) आणि सुतारकाका. काकांची हयात फर्निचरमध्ये गेलेली, त्यांना पहिल्यांदा २ मिमीची फळी काढायला सांगितली तर म्हणाले, "साहेब, फळी पाहिजे का पापड?" आज तीच फळी ते रंध्यावर काढतात, बोटाने टकटक करून कानाला लावतात आणि नाही आवडली तर बाजूला ठेवून देतात, मी काही बोलत नाही.

येणारा प्रत्येक जण म्हणतो, दादा गिटारच करायचीय. मी आधी युकुलेले (गिटारसारखंच, पण छोटं वाद्य) करायला लावतो. स्टीलच्या सहा तारांची ओढ मिळून ७० किलोच्या आसपास जाते, एक सांधा कच्चा राहिला की ब्रिज (बॉडीवर तारा अडकवतात ती पट्टी) उखडून येतो. युकुलेलेला नायलॉनच्या चार तारा, ओढ फारच कमी, नेकमध्ये, म्हणजे दांडीत, लोखंडी रॉड घालायची भानगड नाही. फ्रेटचं गणित मात्र तेच. कॉन्सर्ट साइजला तारेची लांबी ३८० मिमी धरली तर भागिले १७.८१७, म्हणजे पहिला फ्रेट २१.३ वर, मग उरलेल्या लांबीला परत तोच भागाकार, असं करत बारावा बरोब्बर १९० वर यायला पाहिजे. आणि मापं कायम नटपासूनच (दांडीच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) घ्यायची, फ्रेट ते फ्रेट मोजलं की केसाएवढा फरक साठत जातो आणि वरचे सूर बेसूर.

पण आमचं खरं दुकान चालतं ते वाळवलेल्या लाकडावर. पुण्यात पावसाळ्यात लाकूड फुगतं, एप्रिल-मेमध्ये आकसतं, तेही रेषांना आडवं, त्यामुळे जुलैच्या दमट हवेत चिकटवलेली वरची फळी उन्हाळ्यात तडकते. म्हणून एक खोली डिह्युमिडिफायर लावून ४५-५० टक्के आर्द्रतेवर ठेवलीय, आत फळ्या मध्ये पट्ट्या घालून रचलेल्या, प्रत्येकीवर तारीख. लाइट बिल बघून बायको दर महिन्याला तेच विचारते. गिऱ्हाइकं पण म्हणतात लाकूड महाग लावता, लावतोच, वर्षभर सांभाळायला जागा लागते ना.

शिसवीच्या नुसत्या फळ्या परदेशात पाठवत नाही. २०१७ पासून त्या जातीच्या सगळ्या झाडांवर साइट्सचे (CITES, दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) निर्बंध आले, २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली पण कच्च्या लाकडाला नाही, आणि त्या कागदपत्रांसाठी पळायला आमच्याकडे माणूस नाही. तसंही हल्ली आम्ही बॉडीला तून नावाचं लाकूड वापरतो, मिरजेचे वस्ताद सतारीला वापरतात तेच, हलकं, लालसर, पटाशीखाली गोड चालतं.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून तानपुऱ्याच्या किटची विचारणा वाढलीय. सांगाडा आम्ही देऊ शकतो, पण जवारी काढणं (तार गुंजावी म्हणून घोडी घासून बसवणं) आमच्या हातात बसलेलं नाही, त्यासाठी गिऱ्हाइकाला सरळ मिरजेला पाठवतो.